ओळ किती लांब असावी?



संगणकाने काय करावे हे त्याला ओळीओळीने लिहून द्यावे लागते. त्या लेखनास आज्ञावली म्हणतात. तिची ओळ किती लांब असावी, हा प्रश्न नामदेवरायांच्या नरसीत मांडावयाचा म्हणजे जरा विचित्रच, असे आपणांस वाटेल. परंतु ओळीला माप घालण्याची विद्या या गावाला परकी नाही. मोठ्या अभंगात सहा सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. बावीस अक्षरांत बसेल तेवढेच बोलावयाचे. कारण ते शेकडो मुखांनी एकदम म्हणावयाचे असते.

उलट आपली मोडी पाहा. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरे टांगीत जाई. शब्द कोठे संपला याची त्याला फिकीर नसे. सोय लिहिणाराची झाली. डोळे वाचणाराचे फुटतात!

आज्ञावलीत ऐंशी अक्षरांची मर्यादा प्रसिद्ध आहे. ती आली कोठून? १९२८ साली आयबीएम कंपनीने जे भोकांचे कार्ड काढले, त्यावर ऐंशी रकाने होते. कार्डे गेली, आकडा राहिला. पायथन भाषेचे नियम आजही एकोणऐंशी सांगतात. लिनक्सवाल्यांनी २०२० मध्ये शंभरापर्यंत सूट दिली. तरुण मंडळी म्हणतात, पडदे रुंद झाले, आता मर्यादा कशाला? पडदा रुंदावला हे खरे. डोळा काही रुंदावला नाही. एकदा व्याजाचा हिशेब चुकत होता. दोन दिवस शोधले. एका लांबलचक ओळीच्या शेपटात, पडद्याच्या कडेबाहेर, एक अट दडून बसली होती. ती ओळ माझीच होती.

आता मराठीची एक अडचण. 'नामदेव' ही अभंगात चार अक्षरे. यंत्र मात्र काना आणि मात्रा निराळ्या मोजून सहा भरविते. त्यामुळे मराठीत लिहिलेली टीप दिसावयास आखूड असूनही नियमाबाहेर जाते. तेव्हा मोजणी कोणाच्या हिशेबाने, हे आधी ठरवावे.

माझे मत विचाराल तर ऐंशी ते शंभरांतील कोणताही आकडा चालेल. बरोबर काम करणाऱ्यांनी तो एकदाच ठरवावा आणि ओळी मोडण्याचे काम यंत्राकडे सोपवावे, म्हणजे रोजची भांडणे नकोत. एखादा लांब पत्ता आला तर तो मात्र मोडू नये, खुशाल बाहेर जाऊ द्यावा. तुकडे केलेला पत्ता पुन्हा शोधू म्हटल्यास सापडत नाही.