ठोके चुकविणारे इंजिन

खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात, तेथे होडीला वेगच तारतो. नेमके तेथेच आउटबोर्ड इंजिन ठोके चुकवू लागले, तर तांडेलाने काय करावे? संथ गतीत सुरळीत चालणाऱ्या इंजिनाचा दोष पुष्कळदा इंधनपुरवठ्यात असतो. वेगाबरोबर इंधनाची मागणी वाढते; टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र बंद असल्यास आतला दाब घटून पुरवठा अपुरा पडतो. नळीवरील रबरी फुगा दाबताच इंजिन सावरले, तर संशय दृढ होतो. प्रथम छिद्र, मग गाळणी व तीत साचलेले पाणी पाहावे. तरीही ठोके चुकल्यास स्पार्क प्लग तपासावा. वाढत्या दाबात दुबळी ठिणगी टिकत नाही. ही परीक्षा मात्र खाडीच्या शांत पाण्यात, पूर्ण वेगावरच करावी. लाटा सवड देत नाहीत.