जमीन तसे वाण



रब्बी ज्वारीचे पीक हे ओलीच्या शिदोरीवर जगणारे पीक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते आणि त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो. जमिनीने साठविलेल्या ओलाव्यावरच कणीस भरावयाचे असते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत घरातील भाकरी आणि गोठ्यातील कडबा, दोन्ही या एका पेरणीवर अवलंबून असतात.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार झाले. निवड पद्धतीत संशोधक स्थानिक पिकातील उत्तम कणसे वेचतात, प्रत्येक कणसाचे बियाणे निराळ्या ओळीत पेरतात आणि सरस ठरलेली ओळच पुढे वाढवितात. या वाणाचा टपोरा, चमकदार दाणा आणि चांगला कडबा शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरला.

१९६४ साली प्रसारित झालेल्या ‘सीएसएच-१’ या संकरित वाणाने खरीप ज्वारीचे चित्र पालटले. रब्बीत मात्र तसे घडले नाही. येथे खोडमाशी, थंडी आणि अखेरचा पाण्याचा ताण सोसणारे, शिवाय भाकरीला व जनावरांना मानवणारे वाण हवे होते. केवळ अधिक उताऱ्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता.

एकाच गावात माळाची हलकी जमीन असते, तशी नदीकाठची काळी कसदार जमीनही असते. दोहोंची ओल धरून ठेवण्याची शक्ती सारखी नसते. हे ओळखून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाण विकसित केले. हलक्या जमिनीसाठी लवकर तयार होणारे ‘फुले अनुराधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’, भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ आणि ओलिताखालील क्षेत्रासाठी ‘फुले रेवती’ अशी त्यांची शिफारस आहे.

म्हणून बियाणे आणण्यापूर्वी शेतात खड्डा घेऊन मातीची खोली पाहावी. ती ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर जमीन हलकी, ६० पर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर भारी समजावी. भारी जमिनीचे उशिरा पिकणारे वाण हलक्या रानात पेरले, तर कणीस भरण्याच्या ऐन वेळी ओल सरते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. शेजाऱ्याच्या रानात डोलणारे पीक पाहून नव्हे, तर स्वतःच्या रानाची माती पाहून वाण निवडावे. संशोधकांच्या परिश्रमाचे सार्थक त्यातच आहे.