जुगाराचे सोबती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मजकडे सोपविलेला विषय 'जुगाराचे दुष्परिणाम' हा आहे. परंतु जुगाराने घर धुऊन निघते, हे ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत उभे आयुष्य काढलेल्या माणसांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. मला निवेदन करावयाचे आहे ते थोडे निराळे. जुगार एकटा क्वचितच येतो. तो आपले सोबती बरोबर आणतो. मुख्य पाहुण्यास आपण दाराबाहेर घालविले, तरी सोबत्यांपैकी एखादा माजघरात ठाण मांडून बसतो, आणि 'सुटला बुवा एकदाचा' असे म्हणून आपण गाफील राहतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात कामापासून उद्भवणारी चार व्यसने सांगितली आहेत: मृगया, द्यूत, स्त्री आणि पान. ह्यांत पोटात जाणारा पदार्थ केवळ एक आहे. उरलेली तिन्ही व्यसने कृतीची आहेत, आणि तरीही त्याने ती एकाच पंक्तीस बसविली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने जुगाराचा विकार मद्य व अफू ह्यांच्या व्यसनांशेजारी नेऊन ठेवला तो २०१३ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत जुगार आणि संगणकावरील किंवा मोबाइलवरील खेळ, ह्या दोहोंना कृतीची व्यसने म्हणून स्थान मिळाले आहे.

आपल्या समाजात मात्र व्यसन म्हटले की डोळ्यांपुढे बाटलीच येते. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यांच्या नावाचे रंगायतन ठाण्यात १९७८ पासून उभे आहे. दारूने होणारा नाश त्या नाटकाने घरोघर पोहोचविला. परंतु बाटलीवाचून होणारा नाश ओळखण्यास आपली दृष्टी अद्याप सरावलेली नाही.

मटक्याचेच उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडे लावले जात. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत ह्यांनी वरळीस मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याचा प्रकार सुरू केला, आणि १९६४ साली रतन खत्री ह्यांनी आपला निराळा मटका काढला. 'कल्याण' नावाचा मटका हा त्या कल्याणजींच्या नावावरून. आपल्या कल्याण गावाशी त्याचा संबंध नाही, एवढे तरी कल्याणकरांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो. ह्या खेळात एक आकडा 'ओपन'चा आणि दुसरा 'क्लोज'चा. मनुष्याचे वाटोळे होते ते ह्या दोहोंमधल्या वेळात. त्या वेळात त्याला कामात गोडी वाटत नाही, घरी बसवत नाही. मग चहाच्या टपरीवर तंबाखू, तेथून गुत्ता, गुत्त्यात पत्त्यांचा डाव. आकडा हा खेळाचा एक क्षण. सोबती येतात ते वाट पाहण्याचे तास भरून काढण्यासाठी.

शास्त्र काय म्हणते तेही ऐका. अमेरिकेत त्रेचाळीस हजारांवर लोकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. जुगाराच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांस आयुष्यात केव्हा ना केव्हा मद्याचा विकार जडलेला होता. सुमारे ६० टक्के तंबाखूच्या आधीन होते. आणि जवळजवळ निम्म्या लोकांस खिन्नतेसारखे मनोविकार होते.

ह्याहून बोलके उदाहरण कंपवाताचे आहे. ह्या रोगावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी मेंदूतील डोपामिन नावाच्या द्रव्याचे कार्य वाढते. हे द्रव्य सुखाच्या अपेक्षेशी निगडित आहे. तीन हजारांवर रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, शंभरांत पाच रुग्णांस जुगाराचा अनावर नाद होता, जवळपास तितक्याच लोकांस बेसुमार खरेदीचा, काहींस खादाडपणाचा, काहींस कामवासनेचा; आणि शंभरांत सुमारे चार जणांस ह्यांपैकी दोन किंवा अधिक नाद एकाच वेळी होते. त्या विशिष्ट औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण पुष्कळच अधिक होते. जन्मभर काटकसरीने राहिलेला वृद्ध गोळ्यांमुळे असा बदलू शकतो, ह्याचा अर्थ काय? ह्या साऱ्या नादांची मुळे मेंदूत एकमेकांजवळ आहेत. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आता माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत नाव-गाव वगळून सांगतो. त्याचा आकड्यांचा नाद घरच्यांनी मोठ्या कष्टाने सोडविला. कर्ज फेडले, दागिने मोडले. वर्षभर सर्वांनी समाधान मानले. मुलगा घरीच असे, मोबाइलवर काहीतरी खेळत बसे. पुढे कळले की तो पैसे लावून रमी खेळत होता. तीही बंद केली, तर शेअर बाजारातील ऑप्शनचे व्यवहार सुरू झाले, आणि वडिलांनी ते अभिमानाने सांगितले, कारण तो 'व्यवसाय' होता! रात्री जागरण, दिवसा चिडचिड, दर आठवड्यास दारात नवी खरेदी. घरच्यांनी तीन वेळा खेळ बदललेला पाहिला. मनुष्य तोच राहिला होता, हे कोणी पाहिले नाही.

ऑप्शनच्या व्यवहारांत बहुतेकांच्या हाती काय लागते, तेही जाणून घ्यावे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मागील तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांस तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. प्रत्येक गुंतवणूकदार जुगारी आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने एकदा आकड्यापायी घर गहाण टाकले, त्याच्या हाती हे साधन देणे म्हणजे दारुड्यास ताडीची परवानगी देणे होय.

कायद्यावरही सर्वस्वी विसंबता येणार नाही. आपल्या प्रांतात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि तो असतानाच मटका भरभराटीस आला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात दंड आहे तो खेळ चालविणाऱ्यास व त्याची जाहिरात करणाऱ्यास, खेळणाऱ्यास नव्हे. हे योग्यच झाले. परंतु दुकान बंद झाले म्हणून भूक मरत नाही.

तर मग करावे काय? प्रथम, प्रत्येक पत्ते खेळणारास व्यसनी ठरवू नये. ज्याचा खेळावरील ताबा सुटला, ज्यास खेळापुढे अन्य सर्व गोष्टी गौण झाल्या, आणि नुकसान डोळ्यांदेखत होत असूनही जो थांबत नाही, तो रोगी समजावा. अशास डॉक्टरांकडे नेताना केवळ जुगाराचे न सांगता दारू, तंबाखू, मोबाइल, खरेदी, झोप, सारे सांगावे. लाजेने झाकलेला सोबतीच पुढे घात करतो. आणि जुगार सुटल्यावर त्याचे रिकामे झालेले तास कशाने भरले जात आहेत, इकडे घरच्यांनी वर्ष-दोन वर्षे लक्ष ठेवावे.

दुसरे, कर्जाची यादी घरच्यांनी करावी, परतफेड हप्त्यांनी व थेट सावकारास करावी. रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नये. आपल्या मंडळाच्या साहाय्य निधीनेही हाच नियम पाळावा, अशी माझी चालकांस विनंती आहे. आपण सद्भावनेने दिलेले हजार रुपये पुन्हा त्याच वाटेने जातात.

तिसरे, 'लग्न झाले की ताळ्यावर येईल' हा विचार आपण सोडून द्यावा. असे लग्न म्हणजे एका घरातील रोगाचा भार दुसऱ्या घरच्या मुलीच्या शिरावर ठेवणे आहे. वधू-वर मेळाव्यात पत्रिका पाहण्याआधी ह्या गोष्टीची मोकळेपणाने चौकशी व्हावी, आणि सांगणाऱ्याचा अवमान होऊ नये.

उपचारांसाठी दूर जावे लागत नाही. ठाण्यातील मनोरुग्णालय १९०१ पासून आहे; डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे. पुण्यास अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे दूरध्वनीवरून सल्ला मिळतो. कर्जात बुडालेला मनुष्य मरणाची भाषा बोलू लागला, तर तिला नाटक समजू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी.

महाभारतात पहिल्या द्यूतात गमावलेले सर्व काही धृतराष्ट्राने परत दिल्यावरही धर्मराज दुसऱ्या द्यूतास बसलेच. राज्य परत मिळाले होते. खेळाचे आवाहन नाकारण्याचे बळ मात्र आले नव्हते. आपण आपल्या माणसांचे राज्य परत मिळवून देतो, म्हणजे त्यांचे कर्ज फेडतो, आणि तेथेच थांबतो. त्यापुढे त्यांना ते बळ येईपर्यंत सोबत करणे, हे आपल्या मंडळाचे काम आहे असे मला वाटते. सोबत्यांवाचून मनुष्य राहात नाही. ते सोबती आपण व्हावे.