बाबांना ऐकू यावं म्हणून
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरच्या थिएटरसाठी रिसीव्हर कसा निवडावा, हा विषय गणपतीपुढे कशाला, असं काहींना वाटेल. पण मंडळात कोणी नवा टीव्ही घेतला की आम्हालाच विचारतात. आम्ही या बाबतीत आधी पैसे घालवले आणि मग शिकलो, एवढाच आमचा अधिकार.

आमचं घर बहादरपूरला. बाबांचं उभं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. अशा आवाजात राहिलेल्या कानांची आधी वरची पट्टी जाते, साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झची. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. 'सात' म्हटलं की 'साठ', हे लूमवाल्या घरांना नवीन नाही. रविवारी आम्ही सगळे मिळून मराठी सिनेमा लावायचो. संवाद आले की आवाज वाढवा, मारामारी आली की कमी करा. एक दिवस बाबा उठले आणि म्हणाले, "तुम्ही बघा, मी आत पोथी वाचतो."

इथे आपल्या मुलांची शाळा हिंदीत, खेळणंही हिंदीत. सिनेमातला अडलेला मराठी शब्द नातीला सांगणारे बाबाच. ते आत गेले आणि तिचे प्रश्नही थांबले.

आम्ही काय केलं? दुकानात जाऊन सर्वांत मोठा आकडा लिहिलेला खोका उचलून आणला. खिडक्यांची तावदानं हादरली, पण बोलणं तसंच अस्पष्ट राहिलं. खोक्यावरचा आकडा 'पीएमपीओ'चा होता. तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, रोजच्या वापरात त्याला अर्थ नाही. 'आरएमएस' वॅट विचारा. तेही किती ओहमवर, एका वेळी किती चॅनेल चालवून आणि २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात मोजलेत का, हे विचारा. एकच चॅनेल चालवून मोजलं की आकडा फुगतो.

आणि वॅट लागतात तरी किती? साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. आपल्या बैठकीच्या खोलीला दर चॅनेलला ५० ते ८० खरे वॅट पुरून उरतात.

मग रिसीव्हरचं खरं काम कोणतं? आपला कुंडी भंडारा आठवा. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी जमिनीखाली गोळा करून शहराला पुरवायचं, ही मुघल काळातली योजना. रिसीव्हर तेच आवाजाचं करतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्लेअर यांचं सगळं एका जागी घेतो, निवडतो आणि ज्या स्पीकरचं त्याला देतो. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरकडे येतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा: मधल्या चॅनेलचा आवाज वेगळा वाढवता येतो का? आमच्या घरी सगळा फरक याच एका सोयीने पडला. दुसरा प्रश्न 'नाइट मोड'चा. त्यात मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं.

किती चॅनेल घ्यावेत? ५.१ पुरे. छतातून आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस २०१२ साली आलं, छान आहे, पण ते पुढे बघू. सुरुवात पुढच्या तीन स्पीकरांनी केली तरी चालते, मागचे दोन आणि सबवूफर सवडीने. मधला स्पीकर मात्र चांगला घ्या आणि बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून ठेवा. 'गीतरामायण' लावताना 'स्टिरिओ' बटण दाबा. १९५५ सालच्या त्या गाण्यांना पाच स्पीकर लागत नाहीत.

जोडणीसाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर 'ईएआरसी', निदान 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय भोक असावं. मग टीव्हीचा आवाज एकाच केबलने येतो आणि 'सीईसी' चालू केलं की एका रिमोटवर काम भागतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात तीन रिमोट दिले तर तो एकही लावत नाही.

बऱ्याच रिसीव्हरांसोबत छोटा माइक येतो. बसायच्या जागी तो ठेवला की यंत्र खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेतं. पण फरशी आणि उघड्या भिंतींचा घुमारा त्याने जात नाही. त्यासाठी सतरंजी आणि जाड पडदा. आणि आपल्या उन्हाळ्यात यंत्र बंद कपाटात कोंडू नका. वर वीतभर जागा सोडा, व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

सर्वांत आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. रिसीव्हर हे श्रवणयंत्र नव्हे. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी तिथे गेलो, मग बाबांना घेऊन दुकानात. त्यांच्या ओळखीचा जुना मराठी सिनेमा सोबत नेला आणि आवाज मुद्दाम कमी ठेवला. दुकानदार स्फोटाचा सीन दाखवत होता. बाबा म्हणाले, "ते राहू दे, दोन माणसं बोलताना दाखव." डोळे मिटून त्यांनी चार यंत्रं ऐकली. निवडलं ते चौघांत महाग नव्हतं.

आता रविवारी बाबा पुढच्या खुर्चीत असतात. परवा नातीने विचारलं, "आबा, माजघर म्हणजे?" बाबांनी सिनेमा थांबवायला लावला आणि आपल्या जुन्या घराचं माजघर तिला खोलीभर फिरून दाखवलं. सिनेमा त्या दिवशी पुरा झाला नाही.

तेव्हा मंडळी, यंत्र घ्यायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत थोर माणसाला सोबत न्या.

गणपती बाप्पा मोरया!