हिरवळीखालची नाणी

इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यात एका लहानशा गावी माझा एकदा महिनाभर मुक्काम होता. घरासमोरच सार्वजनिक बाग होती. तेथे रोज सकाळी एक वृद्ध गृहस्थ यावयाचे. कानांवर हेडफोन, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती हिरवळीवरून अलगद फिरवीत ते इतक्या संथपणे चालत की, जणू ते जमिनीची दृष्टच काढीत आहेत असे वाटावे.

ते होते धातुशोधक यंत्र. चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगी सूक्ष्म प्रवाह खेळू लागतात आणि त्यांची चाहूल यंत्र टिपते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावर एक यंत्र बनविले होते. गोळी काही सापडली नाही. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकविले, असे सांगतात.

बागेत स्प्रिंगांची जागा शीतपेयांच्या डब्यांची झाकणे घेतात. यंत्र बोलले म्हणून खणावे, तो हाती येते झाकण, नाहीतर गंजका खिळा! एकदा मात्र सहा पेन्सांचे नाणे निघाले. गृहस्थांनी माती पुसून आधी साल पाहिले. १९१८. म्हणजे अस्सल चांदी. कारण ब्रिटनने १९२० साली नाण्यांतील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली ती पार काढून टाकली. आपला चांदीचा रुपयाही १९४० साली असाच निम्मा झाला आणि १९४७ साली निकेलचा झाला. आजीच्या गाठोड्यातील राणीछाप रुपये ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्या म्हाताऱ्याची घाई सहज समजेल.

पुढे एके दिवशी एका जुन्या ओक वृक्षाखाली यंत्र निराळ्याच, भरदार आवाजात घुमू लागले. वीतभर खणूनही काही दिसेना. गृहस्थ थांबले. वीतभराच्या खाली जावयाचे नाही, या अटीवरच त्यांना नगरपालिकेची परवानगी मिळाली होती. मला राहवेना. बागेत दुसरे कोणी नव्हते. ‘आणखी थोडे खणून पाहा ना!’ मी म्हणालो. त्यांनी मान हलविली आणि त्याच परगण्यातील हॉक्सन गावची हकीकत सांगितली.

१९९२ सालच्या नोव्हेंबरात तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधावयास त्याचे स्नेही एरिक लॉज यंत्र घेऊन गेले. हातोड्याऐवजी निघाले रोमन काळातील चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी! लॉज यांनी काही वस्तू काढल्या. पण मग हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा उकरला. नाणी सुमारे १५ हजार. शिवाय मिरपुडीच्या चांदीच्या चार कुप्या. रोमन लोकांची मिरी आपल्या मलबारातून जात असे, हे आपणांस ठाऊकच आहे. पण मोलाची गोष्ट निराळीच. कुजलेल्या ओकच्या पेटीच्या खुणा, चिमुकली कुलुपे, कोणती वस्तू कोणत्या वस्तूपाशी होती, हे सारे हाती लागले. आणखी तासभर फावडे चालले असते तर सोने तेवढेच मिळाले असते, पण पेटी कायमची गेली असती.

मला नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी आठवली. १९०६ साली तेथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप ठोकलेला होता. सातवाहनांच्या विजयाचा एवढा बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. असे एखादे सुटे नाणे सराफाकडे गेले असते, तर तेही छाप दाखविते. परंतु किती नाण्यांवर तो पडला आणि किती तशीच राहिली, ही मोजदाद एकत्र ठेव्यावाचून कशी होणार?

हॉक्सनच्या ठेव्याबद्दल साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि लॉज यांनी ते त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही पुढे सापडला. तोही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे, हे सांगताना गृहस्थ प्रथमच हसले. मग त्यांनी खिशातील नकाशावर ओकापाशी एक फुली मारली, हिरवळीचा कापलेला तुकडा जागच्या जागी बसविला आणि बुटाने दाबून ते पुढे चालू लागले.