कर्जतला राहणे, कर्जतचे होणे

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना बाहेरून येणारा माणूस नवा नाही. १८५६ साली आगगाडी नेरळ, कर्जत, पळसदरी करत खोपोलीला पोचली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली. १९१५ साली खोपोलीत आणि १९२२ साली भिवपुरीत टाटांची वीजकेंद्रे सुरू झाली. या प्रत्येक कामामागोमाग माणसे आली आणि त्यांतली बरीच इथेच राहिली. अलीकडे येणारा मात्र कामासाठी येत नाही, घरासाठी येतो. कोणी निवृत्तीनंतर नेरळला फ्लॅट घेतो, कोणी चौकच्या बाजूला एनए प्लॉटवर बंगला बांधतो, कोणी मुंबईची नोकरी सांभाळून कर्जत लोकल पकडतो. तो बहुधा मराठीच बोलतो, गणपतीही बसवतो, तरी दहा-दहा वर्षांनंतर गावाच्या लेखी तो ‘बंगल्यावाला’च असतो. याचे कारण त्याचा परकेपणा आहे, असे सहसा म्हटले जाते. मला ते कारण त्याच्या सोयीत दिसते.

जवळचा माणूस लवकर रुजतो, हा समज तपासून पाहिला पाहिजे. नेदरलँड्समध्ये स्थायिक होणाऱ्या इंग्रजांचे उदाहरण घ्या. दोन्ही देश शेजारी आणि भाषा एकाच कुळातल्या. २००७ च्या डच कायद्याने बाहेरून येणाऱ्या अनेकांवर भाषेची व समाजज्ञानाची परीक्षा बंधनकारक केली, पण ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर इंग्रजांना ती लागू नव्हती. शिवाय समोरचा डच माणूस पटकन इंग्रजीकडे वळतो. त्यामुळे डच न शिकता वर्षानुवर्षे राहणे तिथे शक्य होते. मोरोक्कोतून आलेल्याला ही सवलत मिळत नाही. ज्याला अडचण असते त्याला शिकावे लागते; ज्याचे सगळे भागते, तो दारातच उभा राहतो.

आपल्याकडच्या नवागताचा दिवस याच कसोटीवर पाहा. पाणी बोअरवेलचे किंवा टँकरचे, वाणसामान फोनवरून, डॉक्टर पनवेलचा, मुलांची शाळा बसने गाठायची. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी आणली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही, हा १९४८ च्या कुळकायद्याचा नियम असल्याने तो बिगरशेती प्लॉटवर येतो आणि भाताच्या वर्षचक्राबाहेरच राहतो. म्हणून उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना उठणारा धूर त्याला प्रदूषण वाटतो. आवणीच्या दिवसांत कामाला माणूस का मिळत नाही, हे त्याला कळत नाही. गावाची एकही अडचण त्याची अडचण होत नाही, मग ओळख व्हायची कशातून?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की नुसत्या गरजेने माणसे जोडली जातात तर माथेरानचे इंग्रज कर्जतचे का झाले नाहीत? आक्षेप रास्त आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून माथेरानवर चढले आणि तिथे साहेबांचे बंगले उभे राहू लागले. १९०७ साली नेरळची छोटी गाडी सुरू होण्याआधी वर जाणारे ओझे माणसांच्या नाहीतर जनावरांच्या पाठीवरूनच जाई. साहेबाला खालच्या माणसाची गरज पदोपदी होती. पण ती एकेरी होती. मजुरी दिली की संबंध संपला. इंग्रज गेले, शार्लट तलाव आणि लुईझा पॉइंट ही नावे राहिली. तेव्हा माझे विधान पुरे करायला हवे: गरज हवी, आणि तिच्याबरोबर उलट बाजूने बांधिलकीही हवी.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. बंगल्यांमुळे वॉचमन, माळी, स्वयंपाकीण, गवंडी यांना काम मिळते, हे खरेच आहे आणि ते कमी लेखू नये. पण हा माथेरानचाच व्यवहार आहे. पगार देणारा मालक होतो, शेजारी होत नाही. तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गाव तरी कुठे एक आहे? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारा कातकरी, डोंगरातला ठाकर, यांना गावकीने कधी बरोबरीचे मानले? मग नवागताने कोणत्या गावात मिसळायचे? याचे उत्तर असे, की हीच कसोटी गावालाही लागू होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेल्या कातकऱ्याच्या श्रमाची गरज सर्वांना आहे, पण त्याच्या वाडीच्या पाण्याची बांधिलकी कोणाला नाही. तेव्हा जुन्यांनीही कर्जतचे होणे अजून बाकी आहे.

मग करायचे काय? सक्तीची परीक्षा आपल्याकडे नको. सणाला वर्गणी देऊन भागेल असेही नाही. वाट आधीच आखलेली आहे. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. बहुतेक नवागतांचे नाव मुंबईच्या यादीत राहते आणि ग्रामपंचायतीशी संबंध घरपट्टीच्या पावतीपुरता उरतो. पाण्याचेच पाहा: भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात पिकतो. खोपोलीच्या वीजकेंद्राचे पाणी पाताळगंगेला बारमाही ठेवते. या पाण्यात कोणाचा किती वाटा, नव्या बोअरवेलींनी वाडीची विहीर आटते का, कचरा कुठे टाकायचा, हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येतात. कायमचे राहायला आलेल्याने नाव इकडे आणावे, सभेला बसावे, हिशेब विचारावा आणि आपल्या बोअरवेलचाही हिशेब द्यावा. भांडणे होतील, ती होऊ द्यावीत. ज्याच्याशी पाण्यावरून भांडता येते, त्यालाच गाव आपल्यातला धरते.