रात्रीच्या सामन्याचा कॅमेरा

पावसाळा सरला की गोव्यात तुये, पार्से, डिचोलीकडे दिव्यांच्या उजेडात व्हॉलीबॉल-फुटबॉल रंगतात. तिथे फोटो काढायचे तर पैसे आधी लेन्सवर घाला; कॅमेरा जुना चालेल. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण झूमवर बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दसपट उजेड आत घेते, आणि १८ मीटर लांबीच्या व्हॉलीबॉल कोर्टाला ती पुरते. फुटबॉलला ७०-२०० ची एफ २.८ हवी. ती महाग, म्हणून भाड्याने आणलेली बरी.

स्मॅश मारणारा हात स्पष्ट टिपायला शटर निदान सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवा. आयएसओ ६४०० झाला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फुकट जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि लागोपाठ काढलेले फोटो कधी उजळ, कधी काळपट येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा.

फ्लॅश मात्र नकोच. चेंडूवर नजर लावलेल्या पोराचे डोळे दिपतात आणि हातातला गुण जातो.